गादीचं उद्घाटन

माझी नणंद दिपमाला ऑलिम्पिकमध्ये पोल घेऊन धावत सुटली, तेव्हा आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरातल्या टीव्हीवर वेलदोड्याची जाहिरात लागली होती. जाहिरात संपली तर पडद्यावर भलताच खेळ. नंतर माझ्या नवऱ्याला, योगेंद्रला, मोबाइलवर कुठूनशी एक इवलीशी चित्रफीत मिळाली. तीत एक उंच परदेशी मुलगी हाताला पांढरी पूड चोळत होती आणि तिच्या खांद्यामागून एक टाच वर गेली. ती आमच्या दिपमालाची. पायात बूट असूनही सासूबाईंनी ती ओळखली. तेवढी टाच आम्ही अख्ख्या गल्लीला दाखवली.

बांबूउडीचा हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सासूबाईंची व्याख्या देते: बांबू घेऊन पळायचं, बांबू टेकवून वर जायचं आणि बांबू सोडून पडायचं. वर एक आडवी दांडी असते, ती पडता कामा नये. पहिल्या उंचीला तीन संधी मिळतात. दिपमालाच्या तिन्ही वेळा दांडी पडली, म्हणून तिच्या नावापुढे उंचीच लागली नाही. आपल्याकडच्या एका छोट्या वर्तमानपत्राने मात्र मैदानात किती मुली होत्या ते मोजून 'धुळ्याची कन्या जगात बत्तिसावी' असा मथळा दिला.

ती घरी आली तेव्हा सासूबाईंनी तिची दृष्ट काढली, पाण्याचा तांब्या हातात दिला आणि विचारलं, "ती दांडीवरथून गयी का नही तू?"

"नाही गेले, आई."

"मंग तठे कसाले गयथी माय?"

दिपमाला हसली. मग अंघोळीला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. बादली भरून वाहत असल्याचा आवाज मी ऐकत होते. मला सगळे आवाज ऐकू येतात. माझी मुलगी जीवू तीन वर्षांची आहे; ती जन्मली तेव्हापासून माझे कान असेच झालेत. आमच्या घरात टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज बांधलेला आहे, द्राक्षं चार फोडी करूनच दिली जातात आणि दिवाणाखाली फरशीवर दोन गाद्या कायमच्या पसरलेल्या असतात. योगेंद्र लोकांना सांगतो, आमची ही चंद्रावर गेली तरी आधी खाली गादी घालेल. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. त्याचा उपयोग सध्या एवढाच, की अंगणातलं काय खाल्लं तर पोर दगावेल ते मला शास्त्रीय नावासकट माहीत असतं.

दिपमालाचं बालपण पारोळ्याजवळच्या गावात गेलं. पाटचारी ओलांडायला ती बांबू वापरायची, कारण फेरा मारून पुलावरून जायचा तिला कंटाळा. तिच्या कारकिर्दीची सुरुवात अशी आळसातून झाली, असं ती स्वतः म्हणते. आता गावात तो मूळ बांबू तिघांच्या घरी आहे. माझ्या चुलतसासऱ्यांनी, निंबानानांनी, त्यांच्या बांबूला कुंकू लावून ओट्यावर उभा केलाय आणि इतर दोन बांबू खोटे आहेत असं ते शपथेवर सांगतात. खरा बांबू दिपमालाच्या वडिलांनी गोठ्याच्या छपराला वापरला होता आणि छपराबरोबर तोही कुजला. पण हे कोणाला सांगण्यात अर्थ नाही.

पुढची सगळी वर्षं तिची उडी मारण्यात कमी आणि पोल वाहून नेण्यात जास्त गेली. फायबरचा तो पोल एका खोलीत मावत नाही इतका लांब. एस.टी.चा कंडक्टर टपावर घेऊ देत नाही, रेल्वेचा गार्ड डब्यात. शेवटी रावेरकडून दिल्लीला जाणाऱ्या केळीच्या ट्रकवाल्यांशी तिने ओळख काढली. पोल केळीबरोबर पुढे जायचे आणि ती मागून गाडीने. राष्ट्रीय स्पर्धेत तिच्या पोलला पिकल्या केळीचा वास यायचा म्हणे. तिथून जगाच्या क्रमवारीच्या शेपटीला धरून ती ऑलिम्पिकला पोचली.

ती आली तो आठवडा कानबाईचा, म्हणजे खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाचा. आमच्याकडे रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्यासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात. सासूबाई मोजत होत्या. योगेंद्रची मूठ झाली, निंबानानांची, त्यांच्या मुलांची, आणि सुरतला नुकत्याच जन्मलेल्या एका चुलतनातवाचीही झाली, ज्याची अजून मूठसुद्धा नीट उघडत नव्हती. दिपमाला शेजारी बसून गहू निवडत होती. तळहातावर घट्टे पडलेले. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, इथंही माझी उंची लागली नाही." आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाईंचा हिशेब चुकला आणि निंबानानांची मूठ दोनदा पडली.

त्याच दुपारी तोतारामआबा पेढे घेऊन आले.

आबा म्हणजे आमच्या भागातल्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. दिपमाला त्यांच्याच शाळेत कंत्राटावर क्रीडाशिक्षिका आहे. वर्षातले बरेच महिने ती शिबिरात असते आणि त्या रजेवर आबांची सही लागते. सही झाली तर खेळ, नाही तर शाळेत कवायत. त्यामुळे आबा आले की आमच्या घरात पंखा आपोआप त्यांच्याकडे वळतो.

आबांना उद्घाटनांचं व्यसन आहे, हे मी त्यांच्या तोंडावर म्हणणार नाही, पण लिहायला हरकत नाही. त्यांच्या संस्थेत नवी कोणतीही वस्तू आबांनी वापरल्याशिवाय दुसऱ्या कोणी वापरायची नाही, असा न लिहिलेला कायदा आहे. नव्या खुर्च्या आल्या की आबा एकेका खुर्चीवर क्षणभर टेकतात, मग शिक्षक बसतात. शाळेची नवी बस दोन महिने लिंबू-मिरची लटकवून उभी होती, कारण आबा परदेशात होते. मुलींच्या नव्या स्वच्छतागृहाला एक अख्खं सत्र कुलूप होतं. त्याचंही उद्घाटन आबांच्याच हस्ते झालं. ते कसं झालं ते विचारू नये. फोटो छापून आला होता.

तर आबांनी जाहीर केलं की रविवारी संस्थेच्या मैदानावर दिपमालाचा जाहीर सत्कार आणि उडीचं प्रात्यक्षिक. त्यांनी विचारलं, किती फूट जातेस. ती म्हणाली, चांगल्या दिवशी तेराच्या वर. आबा म्हणाले, मग सोळा ठेवू, मोठं मैदान आहे, मागच्या लोकांना दिसलं पाहिजे. जगात मोजक्याच बायका तेवढ्या उंच गेल्यात, असं तिने नम्रपणे सांगितलं. आबांनी ते मोठ्या मनाने समजून घेतलं आणि शेवटी उंची मंडपवाल्याच्या पाइपवर ठरली. पाइप तेरा फुटांचे होते.

"पण गादी?" मी विचारलं.

"सूनबाई, गाद्यांची सोय कांतीलालशेठ करताहेत," आबा म्हणाले, आणि योगेंद्रकडे बघून हसले. योगेंद्रला त्याच वेळी सत्कार समितीचा सहसचिव करण्यात आलं. त्यानंतर माझा नवरा माझ्या बाजूने बोलेल अशी आशा मी ठेवली नाही.

उडीची खरी गादी कमरेइतक्या जाडीची असते, एका तुकड्यासारखी जोडलेली, मागे आणि बाजूंना भरपूर पसरलेली. दिपमालानेच मला कधीतरी सांगितलं होतं. शनिवारी जीवूला कडेवर घेऊन मी मैदानावर गेले. सुपडू मंडपवाल्याने पोल टेकवायला खड्डा खणला होता आणि त्याला तेलाच्या डब्याचा पत्रा बसवला होता. पत्र्याची कड वर आलेली. दोन्ही बाजूंना पाइपची शिडी, वर दांडी ठेवणाऱ्याला उभं राहायला फळी, तिला झेंडूच्या माळा. आणि पलीकडे गाद्या. कोऱ्या लाल खोळीच्या, प्रत्येकीवर कांतीलालशेठच्या दुकानाचं नाव. लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाड झोपतं तसल्या. एकीवर एक रचलेल्या, रांगेत, पण नुसत्या ठेवलेल्या. बांधलेलं काहीच नव्हतं.

मला पुस्तकात बघायची गरज नव्हती. आमच्या दिवाणाखालच्या दोन गाद्यांवर जीवू पडते तेव्हा त्या बरोबर मधून फाकतात आणि पोर नेमकं त्या फटीत जातं. तेही दीड फुटावरून.

कांतीलालशेठ तिथेच मोजणी करत उभे होते. मी त्यांना विचारलं, यावर माणूस पडेल तर चालेल का. ते भले गृहस्थ. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ताई, ह्या गाद्या वऱ्हाडासाठी. वऱ्हाड वरून पडत नाही."

"मग दिल्यात कशाला?"

"मला सांगितलं पाहुण्यांना बसायला हव्यात. आबांना आता कोण सांगणार?"

मी योगेंद्रला सांगितलं. तो म्हणाला, आबांनी बघितलंय सगळं. मी आबांना फोन केला. ते म्हणाले, सूनबाई शिकलेल्या आहेत, काळजी वाटणारच, पण खेळाडूचं काळीज वेगळं असतं. निंबानाना म्हणाले की आमच्या वेळी पोरं विहिरीत उड्या मारायची, खाली कुठे गाद्या होत्या. खाली पाणी होतं, हे त्यांना सुचवायचं मी टाळलं.

रविवारी संध्याकाळी मैदान भरलं. प्रवेशद्वारावर मोठा फलक होता. त्यावर आबांचं तोंड सगळ्यात मोठं, मग समितीची तोंडं उतरत्या क्रमाने, आणि खालच्या कोपऱ्यात पोलवर लटकलेला एक परदेशी पुरुष. दिपमालाचा फोटो वेळेत मिळाला नाही, असं योगेंद्र म्हणाला. ती त्याच्याच घरात राहत होती.

मंचामागच्या खोलीत ती हाताला चिकटपट्टी गुंडाळत होती. गाद्या तिने बघितल्या होत्या. मी दार लावून घेतलं.

"नाही म्हण," मी म्हणाले. "पाय मुरगळलाय म्हण. काहीही म्हण."

"आणि सोमवारी रजेचा कागद?"

"पाठ मोडल्यावर रजाच रजा आहे."

तिने पट्टी दाताने तोडली. "रजेचंच नाही, वहिनी. मी सारं जग फिरले, पण इथं मला कोणी उडताना बघितलेलंच नाही. आईनं नाही, दादानं नाही. त्यांना माझी टाच माहितीये फक्त. आज बघतील तरी."

ती माझ्यापेक्षा धीट आहे, आणि धीट माणसाचं काय करायचं ते मला कधीच कळलेलं नाही. मी बाहेर आले. तेरा फुटांवरून ती पाठीवर पडणार, गाद्या फाकणार आणि खाली मुरमाची जमीन. हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसत होतं की जीवूला मी दोन्ही हातांनी धरलं, तर ती ओरडली.

मंचावर नवलसर सूत्रसंचालन करत होते. नवलसर संस्थेत मराठी शिकवतात आणि एकाच गोष्टीला भितात: कोणाचा तरी मान राहून जाण्याला. मागच्या प्रजासत्ताकदिनी एका संचालकाचं नाव घ्यायचं राहिलं, तेव्हापासून त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. दीपप्रज्वलन झालं, शाल झाली, नारळ झाला, पोलला हार झाला. पोलला हार घातल्यावर तो धरायचा कसा, हे दिपमालाने हळूच विचारलं, तेव्हा फोटो होईपर्यंत राहू द्या असं ठरलं.

आणि ती धावपट्टीच्या टोकाकडे निघाली.

मी मंचाच्या बाजूला गेले आणि नवलसरांना खालूनच म्हटलं, "सर, गाद्यांचं उद्घाटन राहिलं का हो?"

नवलसरांचा चेहरा पांढरा पडला.

"नव्या आहेत ना सगळ्या," मी म्हणाले. "आबांच्या आधी दिपा पडली तर बरं दिसेल का?"

"पण गादीचं उद्घाटन करायचं कसं, मॅडम?"

"खुर्चीचं बसून करतात. गादीचं वरून."

मी हे अगदी साधेपणाने म्हटलं. नवलसरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आबांकडे, आणि त्यांच्यातल्या भीतीने निर्णय घेतला. माइकवर त्यांचा आवाज घुमला की या ऐतिहासिक गाद्यांचं उद्घाटन आता आदरणीय आबा स्वतः त्या उंचीवरून गादीवर उतरून करतील, आणि मगच आपली कन्या झेप घेईल. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कोणीतरी आबांच्या नावाचा जयघोष सुरू केला. आणि एकदा जयघोष सुरू झाला की आबांना बसून राहता येत नाही, हे सगळ्या धुळ्याला माहीत आहे.

आबा उठले. हात जोडले. शिडीपाशी गेले. सुपडूने शिडी धरली. पांढरं धोतर आवरत आबा झेंडूच्या माळांमधून एकेक पायरी चढले आणि वरच्या फळीवर उभे राहिले. कॅमेरेवाले पुढे सरसावले. मग आबांनी खाली बघितलं.

मी आदल्या दिवसापासून जे सांगत होते ते त्यांना तिथून एका नजरेत दिसलं. गाद्यांमधल्या फटी दिसल्या, पत्र्याची कड दिसली, मुरूमही दिसला असावा. त्यांचे हात पाइपला घट्ट बसले. ढोल वाजत होते. निंबानाना खालून ओरडले, आबा, सोडा अंग. विहिरीत उडी मारणारे निंबानानाच ते.

आबांनी माइक मागवला. तो वर पोचवण्यात आला. फळीवर उभं राहून, एका हाताने पाइपला मिठी मारून, त्यांनी खेळाडूंच्या सुरक्षेवर भाषण केलं. आपल्या लेकी म्हणजे वऱ्हाड नव्हे, की त्यांना भाड्याच्या गादीवर टाकावं. ही हयगय कोणी केली याची चौकशी होईल. या मैदानावर खरी, परदेशी बनावटीची गादी आल्याशिवाय एकाही खेळाडूचा पाय इथून उचलला जाणार नाही, आणि त्या गादीचं उद्घाटन होईपर्यंत, म्हणजे वर्षभर तरी, दिपमालाताईंनी शिबिरातच राहून सराव करावा, तशी रजा आपण या मंचावरून मंजूर करत आहोत. 'मंच' म्हणताना त्यांनी पायाखालच्या फळीकडे पाहिलं आणि डोळे मिटले. सहसचिव या नात्याने योगेंद्रने टाळ्या सुरू केल्या.

मग ते पाठमोरे उतरले. चढायला लागला होता त्याच्या चौपट वेळ लागला. फोटो हवा म्हणून जमिनीवर आल्यावर ते गाद्यांच्या कडेला बसले, आणि गाद्या फाकल्या. आबा अलगद मधल्या फटीत गेले. वर फक्त टोपी आणि जोडलेले हात राहिले. दुसऱ्या दिवशी तोच फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'धुळेकरांनी अनुभवला उड्डाणाचा थरार'.

मला वाटलं होतं, घरी परतताना दिपमाला आभार मानेल. रजेचं काम झालं, पाठ शाबूत राहिली. पण ती पोलवरच्या हाराची फुलं तोडत राहिली, एकेक.

सकाळी मी पोळ्या लाटत असताना ती म्हणाली, "वहिनी, चाळणी घे आणि चल."

मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात लांब उडीचा वाळूचा खड्डा आहे. शाळेत असताना ती अशाच खड्ड्यात शिकली होती: आखूड धाव, पोल न वाकवता टेकवायचा, वर जायचं, वाळूत पायांवर उतरायचं. दांडी नाही, उंची नाही, कोणाचाही मान नाही. "तुझ्या मनासारखी वाळू कर," ती म्हणाली. मी आणि जीवूने ती वाळू पिठाच्या चाळणीने चाळली. दोन काचा निघाल्या, एक बाटलीचं टोपण, आणि मला फार समाधान वाटलं. खड्ड्याच्या लाकडी कडेला मी माझी ओढणी गुंडाळली. सासूबाईंना आणायला योगेंद्र गेला होता, पण त्याची गाडी वाटेत बंद पडली. म्हणजे बघायला आम्ही दोघीच.

ती मागे गेली. पोल उचलला. तिचा चेहरा असा झाला, जसा मी कधी बघितला नव्हता. घरातल्या दिपमालाचं काहीच त्यात नव्हतं. ती धावत आली. बुटांचा आवाज जवळ आला, पोल वाळूत खच्चकन टेकला, आणि मी डोळे मिटले.

मी, जी झोपेतही एक डोळा उघडा ठेवते. वाळूत धप्प आवाज झाला तेव्हा उघडले, तर ती उभी होती, गुडघ्यापर्यंत वाळूने माखलेली, हसत माझ्याकडे बघत.

"आत्या वर गेली," जीवू म्हणाली. "मग आली."

"बघितलंस?" दिपमालाने मला विचारलं.

मी मान हलवली. होय की नाही, ते मलाही नक्की सांगता येणार नाही. मी म्हटलं, अजून एकदा मार ना. पण ती पोल पिशवीत घालत होती. तिचा पोल शिबिराला नेणारा केळीचा ट्रक महामार्गावर यायची वेळ झाली होती, आणि पिकत चाललेली केळी माझ्यासाठी थोडीच थांबणार होती.

घरी सासूबाई दारात उभ्या होत्या. "वर गयी का नही?"

"गेली."

"कितली?"

मी हात वर केला. आधी दाराच्या चौकटीइतका, मग जरा वर. सासूबाई तिकडे बघत राहिल्या आणि मी हात खाली घेतला नाही. आठवड्याभरात ती उंची आमच्या गल्लीत पाण्याच्या टाकीपर्यंत पोचली, आणि साक्षीदार म्हणून सगळे माझं नाव सांगतात.